छोटी डिझेल हॅचबॅक : चपळाई आणि काटकसर

मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दोन अपेक्षा असतात आणि त्या सहसा एकमेकींच्या आड येतात. गाडी घाटात दमू नये, लांबलचक ट्रकला मागे टाकताना तिने झटकन पुढे व्हावे, ही पहिली. इंधनाच्या खर्चाने महिन्याचे गणित बिघडू नये, ही दुसरी. पेट्रोलच्या मोटारीत पहिली अपेक्षा पुरी करायची तर पूर्वी मोठे इंजिन घ्यावे लागे आणि मग पेट्रोलपंपाच्या फेऱ्या वाढत. या दोन्ही अपेक्षा बऱ्याच अंशी एकत्र पुऱ्या केल्या त्या टर्बो डिझेल इंजिन बसवलेल्या छोट्या हॅचबॅक मोटारींनी.

भारतात २००७ ते २०२० हा या मोटारींच्या भरभराटीचा काळ होता. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक कंपन्यांनी छोटी डिझेल मोटार बनवणे थांबवले. तरीही त्या काळात विकल्या गेलेल्या गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आजही मोठ्या संख्येने धावत आहेत आणि जुन्या मोटारींच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक आहे. अशी गाडी पदरी असणाऱ्याने किंवा घेऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. या गाडीची चपळाई आणि काटकसर हे दोन वेगळे गुण नाहीत. दोन्ही बऱ्याच अंशी एकाच यंत्ररचनेतून येतात. मात्र दोन्ही आपोआप मिळत नाहीत. गाडी किती चालते, कशी चालवली जाते आणि तिची निगा कशी राखली जाते, यावरच ते अवलंबून असते.

पूर्वपीठिका

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यानंतर अनेक दशके हे इंजिन जहाजे, कारखाने, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्यापुरतेच राहिले. ते जड होते, खडखडाट करी आणि धूर सोडी. छोट्या मोटारीत ते बसवण्याच्या प्रयत्नांना युरोपात १९७० च्या दशकात वेग आला. फोक्सवॅगनने १९७६ मध्ये गोल्फ मोटारीत दीड लिटरचे डिझेल इंजिन दिले आणि १९८२ मध्ये टर्बो बसवलेली गोल्फ जीटीडी बाजारात आणली. डिझेलची हॅचबॅकही उत्साहाने चालवता येते, ही कल्पना तेव्हापासून रुजली. स्कोडाने २००३ मध्ये आणलेली फाबिया व्हीआरएस तर या कल्पनेचे टोकच होते. स्पोर्टी म्हणून विकल्या जाणाऱ्या या छोट्या मोटारीत केवळ १.९ लिटरचे १३० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन मिळे; पेट्रोलचा पर्यायच नव्हता.

खरा बदल घडवला तो कॉमन रेल या तंत्राने. सर्व सिलिंडरांसाठी एकाच नळीत प्रचंड दाबाखाली इंधन साठवायचे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने ते हव्या त्या क्षणी, हव्या तेवढ्या प्रमाणात फवारायचे, असे हे तंत्र आहे. फियाट समूहात त्यावर काम झाले, ते उत्पादनयोग्य करण्याचे काम बॉश कंपनीने केले आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या प्रवासी मोटारीत ते प्रथम आले.

भारतात छोट्या डिझेल मोटारीची सवय लावली ती टाटा इंडिकाने. डिसेंबर १९९८ मध्ये दाखल झालेल्या इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन साधे, टर्बोविना होते. त्याच सुमारास मारुतीने प्यूजोचे इंजिन बसवून झेनची डिझेल आवृत्ती आणली. या गाड्या किफायतशीर होत्या. चपळ मात्र म्हणता येत नव्हत्या. जानेवारी २००७ मध्ये मारुती स्विफ्ट डिझेल आली आणि चित्र पालटले. तिच्यातील १२४८ सीसीचे इंजिन मुळात फियाटचे १.३ मल्टिजेट होते. २००३ मध्ये युरोपात आलेले हे इंजिन परवान्याखाली हरियाणातील मानेसर येथे तयार होऊ लागले.

पुढच्या काही वर्षांत पुणे परिसर या मोटारींचे माहेरघर बनला. रांजणगावच्या कारखान्यात फियाटची ग्रँड पुंटो आणि मल्टिजेट इंजिने तयार होऊ लागली. पुंटो २००९ मध्ये बाजारात आली. चाकणच्या कारखान्यातून २०१० मध्ये फोक्सवॅगन पोलो बाहेर पडली. पुंटोच्या नव्वद अश्वशक्तीच्या आवृत्तीने आणि २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीडीआयने वेगाची आवड असलेल्या चालकांना खऱ्या अर्थाने लक्ष्य केले. पोलो जीटी टीडीआयचे इंजिन १.६ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे होते आणि त्याचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर होता. त्या आकाराच्या मोटारीसाठी हे आकडे मोठेच होते.

करांच्या रचनेचाही या मोटारींवर ठसा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि डिझेलसाठी १५०० सीसीपर्यंत, पेट्रोलसाठी १२०० सीसीपर्यंत इंजिन असणाऱ्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. १.३ आणि पुढे १.५ लिटरची डिझेल इंजिने इतकी रूढ झाली त्यामागे हे एक मोठे कारण होते. पोलोचे १.६ लिटरचे इंजिन जाऊन २०१४ मध्ये १.५ लिटरचे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू आणि सेवा कराचे दर बदलले तेव्हाही छोट्या मोटारीची व्याख्या याच आकड्यांवर बेतलेली राहिली.

ताकद येते कुठून?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा सोळा ते अठरा पटींनी दाबली जाते, त्यामुळे ती तापते आणि फवारलेले डिझेल त्या उष्णतेनेच पेटते. पेट्रोल इंजिनात हा दाब साधारण दहा-अकरा पट असतो. दाब जितका जास्त, तितकी इंधनातील ऊर्जा अधिक प्रमाणात कामी येते. दुसरे असे की, पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवताना हवेचा मार्ग अरुंद करावा लागतो आणि हवा ओढून घेण्यात इंजिनाची शक्ती खर्ची पडते. डिझेल इंजिन मुख्यतः इंधनाचे प्रमाण कमी-जास्त करून चालते, म्हणून हा तोटा त्यात फारसा नसतो. शहरातील मंद वाहतुकीत डिझेलची काटकसर जास्त जाणवते ती यामुळे.

टर्बो ही यापुढची पायरी. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक छोटी चक्की फिरते आणि तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्की बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. ही चक्की मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. वाया जाणाऱ्या धुरातून मिळालेल्या या जादा हवेमुळे छोट्या इंजिनात अधिक इंधन जाळता येते. म्हणजे इंजिन छोटे असल्याने एरवी खर्च कमी, आणि गरज पडली की मोठ्या इंजिनासारखा जोर, असा दुहेरी लाभ होतो.

या जोराचे माप म्हणजे टॉर्क, अर्थात चाक फिरवणारी पिळाची ताकद. स्विफ्ट डिझेलचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता आणि तो इंजिनाच्या अवघ्या २००० फेऱ्यांवर मिळे. तिच्या १.२ लिटर पेट्रोल भावंडाचा टॉर्क सुमारे ११३ न्यूटन-मीटर आणि तोही ४५०० फेऱ्यांच्या आसपास. कागदावर पेट्रोल इंजिन ८५ अश्वशक्तीचे आणि डिझेल ७५ अश्वशक्तीचे होते. मग डिझेल चपळ कसे? उत्तर रोजच्या वापरात आहे. २००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे ५४ अश्वशक्ती. त्याच फेऱ्यांवर पेट्रोल इंजिनाने १०० न्यूटन-मीटर दिले असे धरले, तर मिळतात जेमतेम २८. पेट्रोल इंजिनाची पूर्ण शक्ती काढायची तर ते ६००० फेऱ्यांपर्यंत ताणावे लागते, आणि तसे रोज कोणी चालवत नाही.

रस्त्यावरचा अनुभव

या गाड्यांचा खरा रंग दिसतो तो दुपदरी महामार्गावर. तिसऱ्या गियरमध्ये ताशी पन्नासच्या वेगाने एसटीच्या मागे जाताना समोरचा रस्ता मोकळा दिसला की ॲक्सिलरेटर दाबावा आणि काही क्षणांत बस मागे पडावी. विरुद्ध बाजूच्या पट्ट्यात गाडी जितका कमी वेळ राहील तितकी ती सुरक्षित, त्यामुळे हा पिकअप केवळ हौसेचा विषय राहत नाही. घाटातही चार माणसे आणि सामान असताना वारंवार गियर उतरवावा लागत नाही.

मात्र या स्वभावाची दुसरी बाजू आहे. टर्बोची चक्की पुरेशी फिरेपर्यंत इंजिन सुस्त असते. अनेक छोट्या डिझेल गाड्यांत साधारण १८०० फेऱ्यांखाली जोर जाणवत नाही आणि मग तो एकदम येतो. याला टर्बो लॅग म्हणतात. नवख्या चालकाला सिग्नलवरून निघताना, चढावर किंवा गतिरोधकानंतर गाडी अडखळल्यासारखी वाटते. ओव्हरटेक करताना चौथ्या गियरमध्ये १४०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबून वाट पाहणे धोक्याचे ठरते; आधी तिसरा गियर टाकावा, इंजिन जागे झाल्याची खात्री करावी आणि मगच उजवीकडे यावे. पुंटोच्या नव्वद अश्वशक्तीच्या इंजिनात पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता. अशा रचनेत हा सुस्तपणा कमी करता येतो.

वळणावर याच्या उलट काळजी घ्यावी लागते. डिझेल इंजिन त्याच गाडीच्या पेट्रोल इंजिनापेक्षा जड असते आणि हा भार पुढच्या चाकांवर येतो. ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्यावर एकदम ॲक्सिलरेटर दाबला, तर अचानक आलेला जोर आणि पुढचे वजन यामुळे गाडी वळणाबाहेर सरकू पाहते. आंबोली, वरंध किंवा आंबा घाटात पावसाळ्यात हे ध्यानात ठेवणे अगत्याचे. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा आणि रस्ता सरळ झाल्यावर जोर द्यावा. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय तर सर्वथा सोडावी. गियरमध्ये असलेल्या उतरत्या गाडीला आधुनिक इंजिन इंधन पुरवतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते सुरू ठेवण्यासाठी डिझेल जळत राहते आणि ब्रेकवर सारा भार येतो.

द्रुतगती मार्गावर बचतीचे सूत्र सोपे आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास हा अडथळा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. टायरमधील हवा कमी असेल, टपावर रिकामा कॅरियर असेल, तर त्यात भर पडते. चपळ गाडी हातात असताना पाय आवरणे अवघड जाते, पण कंपनीने जाहीर केलेला आणि प्रत्यक्षात मिळणारा मायलेज यांतील बरीचशी तफावत येथेच असते. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्ट डिझेलचा २०१८ चा अधिकृत आकडा लिटरला २८.४ किलोमीटर होता. तो प्रयोगशाळेतील चाचणीचा होता. शहर आणि महामार्ग मिळून लिटरला वीस किलोमीटरच्या आसपासचा हिशेब धरणे अधिक व्यवहार्य.

बचतीचा हिशेब

डिझेल मोटार किफायतशीर आहे, हे विधान अर्धेच खरे आहे. ती प्रत्येक किलोमीटरमागे पैसे वाचवते. पण घेताना जास्त किंमत मोजावी लागते. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवरील एकरकमी रस्ता कराचा दरही पेट्रोलपेक्षा अधिक असतो. ही जादा रक्कम वसूल होण्याइतकी गाडी चालते का, हाच खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. पेट्रोल गाडी लिटरला १५, तर डिझेल गाडी २० किलोमीटर धावते असे मानू. पेट्रोल गाडीचा किलोमीटरमागे खर्च सुमारे ६ रुपये ९३ पैसे, डिझेलचा साडेचार रुपये. म्हणजे किलोमीटरला सुमारे २ रुपये ४३ पैसे वाचतात. डिझेल गाडी घेताना दीड लाख रुपये जास्त पडले आणि देखभालीचा जादा खर्च वर्षाला चार हजार रुपये धरला, तर चित्र असे दिसते.

वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची निव्वळ बचत सुमारे २५ हजार रुपये. जादा रक्कम वसूल व्हायला सहा वर्षे लागतात. वर्षाला २४ हजार किलोमीटर चालत असेल, तर देखभालीचा जादा खर्च दुप्पट धरूनही बचत ५० हजारांच्या घरात जाते आणि तीन वर्षांत वसुली होते. आणि गाडी वर्षाला केवळ ६ हजार किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवारपुरती, चालत असेल तर बचत १० ते १२ हजारांवर येते. मग बारा ते पंधरा वर्षे थांबावे लागते. तोवर गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली असते. असा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडूनच निर्णय घ्यावा.

जुन्या मालकांना हे गणित इतके कठीण वाटत नसे, कारण तेव्हाचे भाव वेगळे होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या वर गेले होते, तर डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. वरच्याच मायलेजने हिशेब केला, तर डिझेल गाडीचा किलोमीटरचा इंधनखर्च पेट्रोलच्या ४२ टक्केच पडे. आज तो सुमारे ६५ टक्के आहे. त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक डिझेलची होती. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. सरकारने भावात दिलेला आधार गेला तशी डिझेलची काटकसर इंजिनाच्या अंगभूत गुणांपुरती उरली. ती आजही खरी आहे. पण ती वसूल करायला गाडी चालावी लागते.

निगा

डिझेल इंजिन दणकट असते, हा जुना समज इंडिकाच्या साध्या इंजिनापुरता ठीक होता. कॉमन रेल इंजिन दीर्घायुषी आहे, पण त्याचे सुटे भाग नाजूक मोजमापाचे आणि महाग आहेत. त्यात इंधनाचा दाब वातावरणाच्या चौदाशे ते सोळाशे पट, नव्या इंजिनांत त्याहूनही अधिक असतो. इतक्या दाबाखाली इंधनातील कचरा किंवा पाणी इंजेक्टरला सहन होत नाही. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्यात साचलेले पाणी काढून टाकणे, विशेषतः पावसाळ्यात, हे पहिले पथ्य. पाण्याचा इशारा देणारा दिवा लागला, तर गाडी तशीच दामटू नये. टाकी पूर्ण रिकामी होऊ देणेही बरे नाही, कारण इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते. चुकून पेट्रोल भरले गेल्यास इग्निशनची किल्लीही फिरवू नये. उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच; पेट्रोलमुळे ते नाहीसे होते. गाडी ढकलत बाजूला घ्यावी आणि टाकी उपसून घ्यावी.

दुसरे पथ्य इंजिन ऑइलचे. कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरवर किंवा वर्षातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल बदलावे. टर्बोचा दांडा याच ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. नवे ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये मिसळतेच. मात्र पातळी महिन्यातून एकदा डिपस्टिकने पाहावी. थंड इंजिन लगेच ताणू नये. घाट चढून किंवा द्रुतगती मार्गावरून येऊन थांबल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मगच बंद करावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतील ऑइल जळून चिकटत नाही.

तिसरे पथ्य चालवण्याचे. मायलेजच्या हव्यासाने पाचव्या गियरमध्ये ताशी चाळीसने गाडी ओढत नेणे, इंजिन थरथरत असतानाही गियर न उतरवणे, ही खोटी काटकसर होय. त्याने क्लचवर, फ्लायव्हीलवर आणि बेअरिंगवर ताण येतो आणि धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर झडपेत काजळी साठते. मल्टिजेट इंजिनात टायमिंग चेन आहे, तर पोलोच्या डिझेल इंजिनांत टायमिंग बेल्ट. बेल्ट असेल तर ठरलेल्या मुदतीत तो बदलायलाच हवा. तो चालत्या इंजिनात तुटला तर झडपा आणि पिस्टन यांची टक्कर होते.

मुंबईसारख्या शहरांत एक खबरदारी आणखी घ्यावी. तुंबलेल्या पाण्यातून जाताना हवेच्या मार्गाने पाणी इंजिनात शिरले, तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडणारा दांडा वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यास पुन्हा स्टार्टर मारू नये. अशा नुकसानीसाठी विमा पॉलिसीत इंजिन संरक्षणाची वेगळी जोड असते. ती आहे की नाही हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

हौशी चालकांत इंजिनाच्या संगणकाचे प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवण्याचा प्रकार लोकप्रिय आहे. टर्बो डिझेलमध्ये ते सहज साधते, म्हणूनच मोह पडतो. पण मूळचा क्लच, गियरबॉक्स आणि ब्रेक त्या ताकदीसाठी बेतलेले नसतात, धूर वाढतो आणि वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील मनमानी बदलांना मनाई करते आणि अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

धूर आणि निर्बंध

डिझेलच्या गुणांबरोबर त्याचा दोषही मांडायला हवा. कमी इंधन जळत असल्याने या गाड्या किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड कमी सोडतात. वरच्या उदाहरणातील डिझेल गाडीचा आकडा सुमारे १३४ ग्रॅम, तर पेट्रोलचा १५४ ग्रॅम येतो. पण नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण यांत डिझेल मागे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

बीएस-४ निकषांत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण आणि २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती अनुक्रमे ४.५ आणि ८० मिलिग्रॅमवर आली. हे साधायला काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आणि धुरावर प्रक्रिया करणारी महागडी यंत्रणा आली. छोट्या गाडीच्या किमतीला हा बोजा पेलवेना आणि मारुती, फोक्सवॅगन यांनी भारतात डिझेल मोटारी बंद केल्या. ह्युंदाईच्या आय-२० मध्ये डिझेल २०२३ पर्यंत टिकले. मे २०२५ मध्ये नव्या रूपात आलेल्या टाटा अल्ट्रोझमध्ये ते कायम राहिले, तेव्हा ती भारतीय बाजारातील एकमेव डिझेल हॅचबॅक होती.

डीपीएफ असलेल्या गाडीचा मालक केवळ शहरात फिरत असेल, तर त्याला त्रास होतो. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी फिल्टर चांगला तापावा लागतो. त्याकरिता मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका लयीत गाडी चालावी लागते. हे घडले नाही तर इशाऱ्याचा दिवा लागतो, इंजिनाची ताकद मर्यादित होते आणि ऑइलमध्ये डिझेल मिसळून त्याची पातळी वाढू लागते. थोडक्यात, जिला कमी चालवून परवडत नाही, ती कमी चालवून निरोगीही राहत नाही.

फोक्सवॅगनच्या जुन्या डिझेल गाड्यांच्या मालकांनी आणखी एक नोंद पाहावी. चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. गाडीवर ती दुरुस्ती झाली आहे का, हे सर्व्हिसच्या नोंदींवरून कळते.

जुनी गाडी घेताना

डिझेल गाडी बहुधा जास्त चाललेली असते, म्हणून वर्षांपेक्षा किलोमीटरकडे आणि किलोमीटरपेक्षा सर्व्हिसच्या नोंदींकडे पाहावे. मीटरवरचा आकडा मागे फिरवण्याचे प्रकार होतात. स्टिअरिंगची झीज, पेडलांचे रबर आणि नोंदींतील आकडे यांचा मेळ बसतो का हे तपासावे. गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे. पहिल्या झटक्यात ती सुरू व्हावी. निळा धूर ऑइल जळत असल्याचे लक्षण. सतत येणारा पांढरा धूर इंजेक्टर, ग्लो प्लग किंवा शीतक गळतीकडे बोट दाखवतो. ॲक्सिलरेटर दाबताना दाट काळा धूर आला तर हवा-इंधनाचे प्रमाण बिघडले आहे. टर्बोची हलकी शिटी स्वाभाविक, कर्कश आवाज नव्हे. चढावर वरच्या गियरमध्ये फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे. इंजेक्टर, टर्बो आणि क्लच या तिन्हींचा खर्च एकत्र आला, तर स्वस्तात घेतलेली गाडी महाग पडते.

दिल्लीहून आलेल्या गाड्यांबाबत विशेष सावध राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२५ मध्येही या निर्बंधांवर न्यायालयात सुनावणी झाली. त्यामुळे तेथील अनेक डिझेल गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात भरावा लागणारा कर आणि फेरनोंदणीचा खर्च धरूनच भाव ठरवावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओकडे तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांना सामोरे जावे लागते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च जवळ आला आहे, हे विसरू नये.

कोणासाठी?

दर आठवड्याला पुण्याहून नाशिकला किंवा कोल्हापूरला जाणारा व्यावसायिक, तालुक्या-तालुक्यांत फिरणारा वैद्यकीय प्रतिनिधी, कोकणातील घर आणि शहरातील नोकरी सांभाळणारे कुटुंब, यांच्यासाठी चांगली राखलेली छोटी डिझेल हॅचबॅक आजही सोयीची आहे. दमदार पिकअप आणि हलका इंधनखर्च हे दोन्ही तिच्याकडून मिळते. ज्याची धाव घर, कचेरी आणि भाजी मंडई एवढीच आहे, त्याने पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार करावा. डिझेलची बचत त्याच्या वाट्याला येणार नाही, दुरुस्त्या मात्र येतील. चपळ आणि काटकसरी ही दोन्ही विशेषणे या गाडीला शोभतात, पण ती पुरेशी चालणाऱ्या आणि वेळेवर निगा राखल्या जाणाऱ्या गाडीलाच.